अ‍ॅक्झॉनमधली वाहतूक डोळ्यांनी बघायची तर: अर्जापासून काइमोग्राफपर्यंतचे चौदा आठवडे

काळ्या पट्टीवर तिरक्या पांढऱ्या रेघा. शेवटी हाती येतं ते एवढंच. उभी रेघ म्हणजे जागेवर थांबलेला माल, उजवीकडे कललेली म्हणजे पेशीपासून दूर निघालेला, डावीकडे कललेली म्हणजे परतीच्या वाटेवरचा. ही पट्टी म्हणजे काइमोग्राफ. तो विश्वास ठेवण्याजोगा मिळेपर्यंत चौदा आठवडे गेले. सात आठवडे परवानग्यांत, दोन आठवडे साच्यांत आणि सूक्ष्मदर्शकाच्या प्रशिक्षणात, आणि उरलेल्या पाचांत संवर्धनाच्या, म्हणजे पेशी वाढवण्याच्या, तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन खेपा पाण्यात गेल्या. दोन्ही वेळा मोटर प्रथिनांचा, म्हणजे माल ओढणाऱ्या रेणूंचा, काही दोष नव्हता. एकदा काच ओली राहिली, एकदा तापमान आणि दिशा चुकली. कार्यपद्धतीच्या छापील पानांवर या गोष्टी एकेका ओळीत उरकलेल्या असतात, म्हणून इथे सविस्तर.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगायला हवं. चेतापेशीची बहुतेक प्रथिनं पेशीच्या मुख्य अंगात तयार होतात आणि लागतात पार तिच्या लांब तंतूच्या, म्हणजे अ‍ॅक्झॉनच्या टोकाला. माणसाच्या पाठीच्या कण्यातून पायाच्या स्नायूपर्यंत जाणारा अ‍ॅक्झॉन मीटरभर लांब असतो. नुसत्या विसरणावर सोडलं तर काय होईल, ते कागदावर मांडून पाहा. पेशीद्रवात एखाद्या प्रथिनाचा विसरण गुणांक सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटर धरला, तर १० मायक्रोमीटर अंतर सुमारे ५ सेकंदांत कापलं जातं. पण अंतर वाढलं की वेळ वर्गाने वाढतो. एक मिलिमीटरला चौदा तास, आणि एक मीटरला दीड हजार वर्षांहून जास्त. म्हणून रूळ लागतात, आणि त्यांवर चालणारे हमालही.

रूळ म्हणजे मायक्रोट्यूब्युल, पेशीतल्या प्रथिनांच्या पोकळ नळ्या. त्यांचं एक टोक धन, दुसरं ऋण. अ‍ॅक्झॉनमध्ये जवळपास सगळ्या मायक्रोट्यूब्युलची धन टोकं बाहेरच्या बाजूला असतात. कायनेसिन हे मोटर प्रथिन धन टोकाकडे चालतं, म्हणजे पेशीपासून दूर. डायनीन ऋण टोकाकडे, म्हणजे पेशीकडे परत. कायनेसिन एका एटीपीमागे (पेशीच्या इंधनाच्या एका रेणूमागे) ८ नॅनोमीटरचं एक पाऊल टाकतं. सेकंदाला ०.८ मायक्रोमीटर वेग धरला तर सेकंदाला शंभर पावलं झाली, आणि मीटरभर अ‍ॅक्झॉनला साडेबारा कोटी. एकच रेणू अर्थातच एवढं चालत नाही. तो मायक्रोमीटरभर चालला की सुटतो, पण मालाच्या एका पिशवीवर अनेक मोटर बसलेल्या असतात, म्हणून माल पुढे सरकत राहतो.

या रेघांना इतिहास आहे. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी नस आवळून ठेवली. गाठीच्या पेशीकडच्या बाजूला ती फुगली, म्हणजे माल आतून पुढे येत होता. १९८२ मध्ये ॲलन, ब्रेडी आणि लासेक यांनी स्क्विडच्या महाकाय अ‍ॅक्झॉनमधले कण व्हिडिओ सूक्ष्मदर्शकाखाली पळताना पाहिले, आणि १९८५ मध्ये वेल, रीस आणि शीट्झ यांनी त्याच प्राण्याच्या चेताऊतींतून कायनेसिन वेगळं काढलं. स्क्विडचा अ‍ॅक्झॉन जवळपास मिलिमीटरभर जाड, तो कापून आतला द्रव काढता येतो. आपल्या पेट्रीत वाढणारा अ‍ॅक्झॉन एका मायक्रोमीटरचा. सगळी तारांबळ त्यामुळे.

आधी कागदपत्रं

पेशी रॅटच्या अठराव्या दिवसाच्या भ्रूणांतून घ्यायच्या, म्हणजे प्राणी-नीती समितीची मंजुरी लागते. अर्जात तीन प्रश्नांवर घोडं अडतं: प्राण्याशिवाय भागणार नाही का, कमीत कमी किती प्राणी, आणि त्रास कमी करायला काय करणार. पहिल्याचं उत्तर 'पेशीवंशात खरा अ‍ॅक्झॉन तयार होत नाही' एवढ्यावर सोडू नका. मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी चेतापेशी हा पर्याय आहे, आणि तो का घेतला नाही ते समितीला हवं असतं. त्या पेशी परिपक्व व्हायला आठवड्यांवर आठवडे लागतात, हे आमचं उत्तर होतं.

अर्ज पहिल्यांदा परत आला तो दुसऱ्या प्रश्नावर. प्राण्यांच्या संख्येच्या रकान्यात 'गरजेनुसार' लिहिलं होतं. हिशेब मांडून द्यावा लागतो, आणि तो सोपा आहे. एका भ्रूणाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या दोन भागांतून साधारण पाच ते दहा लाख पेशी मिळतात. पेशी वाढवायच्या एका कक्षाला एक लाख पुरतात. म्हणजे एका भ्रूणात पाच कक्ष सहज, आणि एका गाभण मादीच्या पिलांत अख्खी खेप. तीन स्वतंत्र खेपा आणि एक राखीव, म्हणून चार माद्या. असा तक्ता जोडल्यावर अर्ज पुढच्याच बैठकीत मंजूर झाला. बैठक महिन्यातून एकदा होते, त्यामुळे एका शब्दापायी चार आठवडे गेले.

पेशीत जनुक पोचवणारा लेंटिव्हायरस वापरायचा असेल तर जैवसुरक्षा समितीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि प्लाझ्मिड (जनुक वाहणारं डीएनएचं कडं) दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आणायचं तर साहित्य-हस्तांतर करारावर दोन्हीकडच्या सह्या. हे तिन्ही अर्ज एकाच दिवशी टाका, एक झाल्यावर दुसरा असं करू नका. आम्ही पहिल्या मोजणीसाठी विषाणू टाळून रंगद्रव्यांवर भागवलं, आणि तो निर्णय बरोबर ठरला. सूक्ष्मदर्शकाचं प्रशिक्षण याच काळात उरकून घ्यावं. आरक्षण चार तासांचं मिळतं, आणि त्यातले निदान दोन तास यंत्र गरम होण्यात जातात हे धरून चालावं.

साचे आणि काचा

साध्या पेट्रीत अ‍ॅक्झॉन वेटोळी घेत फिरतात. कुठलं टोक कुणाचं ते कळत नाही. म्हणून सूक्ष्मखोबणींचा कक्ष वापरायचा: दोन बाजूंना दोन दालनं, मध्ये ४५० मायक्रोमीटर लांब, १० मायक्रोमीटर रुंद आणि ३ मायक्रोमीटर उंच अशा समांतर खोबणी. एका दालनात पेशी टाकायच्या. खोबणी इतक्या बुटक्या की पेशीचं अंग आत शिरत नाही, आणि इतक्या लांब की डेंड्राइट, म्हणजे चेतापेशीचे आखूड तंतू, सहसा पलीकडे पोचत नाहीत. पलीकडे निघतो तो अ‍ॅक्झॉन.

डेंड्राइट टाळायचं कारण रुळांमध्ये आहे. सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींत डेंड्राइटच्या सुरुवातीच्या भागातले मायक्रोट्यूब्युल दोन्ही दिशांना तोंड करून असतात, हे १९८८ पासून माहीत आहे. तिथे कायनेसिनचा माल आत येतानाही दिसू शकतो. चुकून डेंड्राइट मोजलात तर 'बाहेर जाणारा' आणि 'परतणारा' या शब्दांना अर्थच उरत नाही.

कक्ष विकत मिळतो किंवा पीडीएमएस सिलिकॉनमध्ये ओतता येतो. दहा भाग बेस, एक भाग क्युरिंग एजंट, नीट घोटून निर्वात पात्रात बुडबुडे जाईपर्यंत ठेवायचं, मग ६५ अंशांवर चार तास. दालनांच्या टोकांना ८ मिलिमीटरच्या पंचने विहिरी पाडायच्या. पंच खालून, म्हणजे नक्षीच्या बाजूने मारला की कडा स्वच्छ येते. धूळ काढायला चिकटपट्टी लावून ओढा, कापडाने पुसू नका. धागा खोबणीच्या तोंडाशी बसला की त्या भागातून अ‍ॅक्झॉन येणारच नाहीत.

काच ०.१७ मिलिमीटर जाडीचीच हवी, कारण तेलातली भिंगं त्याच जाडीसाठी घडवलेली असतात. पेशी काचेला चिकटाव्यात म्हणून पॉली-डी-लायसिनचा लेप, बोरेट बफरमध्ये, पीएच ८.५, मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम. रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचं. धुण्यात कसूर झाली तर उरलेलं लायसिन पेशींना मारतं, आणि मारतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेव्हा दोष कशाचा ते कळत नाही.

पुढची पायरी पुस्तकात 'वाळू द्या' एवढीच असते. पहिली खेप तिथेच गेली. काच वरून कोरडी दिसत होती, तासाभरात कक्ष बसवला. सिलिकॉन आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहिला, कक्ष जागोजागी उचलला गेला, आणि पेशी खोबणींच्या बाहेरून, कक्षाच्या पोटाखालून पलीकडे सरकल्या. पाचव्या दिवशी अ‍ॅक्झॉनच्या दालनात पेशींची अंगं दिसली तेव्हा कळलं. आता काच निर्जंतुक हवेच्या हूडमध्ये रात्रभर उघडी वाळवतो आणि कक्ष बसवल्यावर चिमट्याच्या मागच्या टोकाने हलकेच दाबतो. चिकटलेला भाग काळसर पारदर्शक दिसतो, न चिकटलेल्या जागी इंद्रधनुषी झाक राहते. ती झाक दिसली तर काढून पुन्हा वाळवा, उगीच पुढे रेटू नका.

शून्यावा दिवस

विच्छेदनापासून पेशी कक्षात पडेपर्यंत दोन तासांच्या आत उरकायचं. सगळं बर्फावर, हँक्सच्या द्रावणात. मेंदूवरचं आवरण पूर्ण निघालं पाहिजे. राहिलं तर त्यातल्या फायब्रोब्लास्ट या भराभर वाढणाऱ्या पेशी आठवड्यात कक्ष व्यापतात. हिप्पोकॅम्पस ०.२५ टक्के ट्रिप्सिनमध्ये (प्रथिनं तोडणारं एंझाइम) ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग तीन धुण्या. नंतर टोक आचेवर गुळगुळीत केलेल्या काचेच्या पिपेटने दहा-पंधरा वेळा आत-बाहेर. बुडबुडा येऊ द्यायचा नाही. द्रव चिकट होऊन लोंबू लागला तर फुटलेल्या पेशींचा डीएनए सुटला आहे, तो तोडणारं थोडं डीएनेज घाला.

मेलेल्या पेशींना रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजा. जिवंत पेशी ८५ टक्क्यांच्या खाली असतील तर ती खेप इथेच थांबवलेली बरी. मोह होतो, पण अर्धमेल्या पेशींतली वाहतूक मोजून काही हाती लागत नाही.

मिलिलिटरला एक कोटी असा दाट घोळ करून १० मायक्रोलिटर पेशींच्या दालनाच्या तोंडाशी सोडायचा. तो आपोआप आत ओढला जातो. भिंगाखाली पाहा, पेशी खोबणींच्या तोंडांशी रांगेने दिसल्या पाहिजेत. दहा मिनिटं इनक्युबेटरमध्ये, मग विहिरींत प्रत्येकी १५० मायक्रोलिटर माध्यम: न्यूरोबेसल, बी-२७ आणि ग्लुटामॅक्स. खोबणींत हवा अडकली असेल तर एका बाजूच्या विहिरीत जास्त माध्यम भरून ठेवा, दाबाने हवा निघते.

विहिरी छोट्या, त्यामुळे बाष्पीभवन हा मोठा शत्रू. कक्ष मोठ्या पेट्रीत ठेवून शेजारी ओलं टिश्यू ठेवायचं. दिवसाआड विहिरीची पातळी बघायची, निम्मं माध्यम बदलायचं. सगळं एकदम बदललं तर पेशी धक्का खातात. तिसऱ्या दिवशी ग्लिया (चेतापेशींच्या साथीदार पेशी) रोखायला सायटोसिन अराबिनोसाइड २ मायक्रोमोलर.

मग वाट बघायची. दीड-दोन दिवसांत एक तंतू बाकीच्यांच्या पुढे धावतो, तोच अ‍ॅक्झॉन. तिसऱ्या दिवशी खोबणींच्या तोंडाशी पंख्यासारखी वाढटोकं दिसतात. सहाव्या-सातव्या दिवशी ती पलीकडे उमलतात. या आठवड्यात दर तासाला इनक्युबेटरचं दार उघडावंसं वाटतं. उघडू नये, प्रत्येक वेळी कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा दोन्ही उडतात.

आठवा दिवस: रंग आणि होकायंत्र

लायसोसोमसाठी (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्या) लायसोट्रॅकर ५० नॅनोमोलर, २० मिनिटं, मग धुणं. मायटोकॉन्ड्रियासाठी टीएमआरएम २० नॅनोमोलर, ते माध्यमातच राहू द्यायचं. लायसोट्रॅकर सगळ्या आम्ल पिशव्यांना रंगवतो, उशिराचे एन्डोसोम धरून. तेव्हा मथळ्यात 'लायसोसोम' न लिहिता 'आम्लधर्मी पिशव्या' लिहिणं प्रामाणिकपणाचं.

तिसरं रंगद्रव्य आम्ही दुसऱ्या खेपेनंतर जोडलं, आणि आता त्याशिवाय प्रयोग करत नाही: चमकणारं कॉलरा टॉक्सिन बी. ते फक्त अ‍ॅक्झॉनच्या दालनात घालायचं. टोकाशी ते आत घेतलं जातं आणि डायनीनवर बसून पेशीकडे निघतं. धनुर्वाताचं विष आणि रेबीजचा विषाणू हीच वाट वापरतात. रंग पलीकडे झिरपू नये म्हणून पेशींच्या बाजूच्या विहिरींत ५० मायक्रोलिटर जास्त माध्यम ठेवायचं. खोबणींतून बारीक प्रवाह अ‍ॅक्झॉनच्या बाजूला वाहत राहतो आणि रंग तिथेच कोंडला जातो. उलट भरलंत तर रंग पेशींवर जाईल आणि सगळं मुसळ केरात.

याला होकायंत्र म्हणायचं कारण असं. दुसऱ्या खेपेत पूर्ण दिवसाची मोजणी उलट्या दिशेने झाली होती. कक्ष बरोबर ठेवला होता, पेशी डावीकडे होत्या. पण कॅमेऱ्याची प्रतिमा आडवी उलटलेली होती. पडद्यावरची डावी बाजू म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरची उजवी. हे कुणी सांगत नाही, कारण स्थिर चित्रांत त्याने फरक पडत नाही. कॉलरा टॉक्सिनचे ठिपके मात्र कुठल्याही कॅमेऱ्यात पेशीकडेच जाणार. ते उजवीकडे पळताना दिसले की पेशी पडद्याच्या उजवीकडे आहेत, संपलं. शिवाय मंच हाताने डावीकडे सरकवून चित्र कुठे सरकतं तेही बघून वहीत लिहून ठेवा.

यंत्राशी

तापमानाची गोम याच खेपेत कळली. नियंत्रकाचा आकडा ३७ दाखवत होता. रिकाम्या कक्षात पाणी भरून आत तापमापकाची तार सोडली तर ३२. तेलातलं भिंग काचेला चिकटलेलं असतं आणि ते धातूचं, उष्णता शोषून घेतं. भिंगाला वेगळा तापक पट्टा हवा. मोटर हे एंझाइमच, दहा अंश उतरले की वेग जवळपास निम्म्यावर येतो. पाच अंशांच्या फरकाने 'वाहतूक मंदावली' असा सुंदर खोटा निष्कर्ष निघतो. सूक्ष्मदर्शकाभोवतीची तापमान राखणारी पेटी आदल्या रात्रीच सुरू करा. कक्ष ठेवल्यावर अर्धा तास काही करू नका, तेवढ्यात फोकस सरकायचा थांबतो.

माध्यम फिनॉल रेड या रंगाशिवायचं हवं, पार्श्वभूमी स्वच्छ येते. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर हायबरनेट-ई चालतं.

एका चौकटीला, म्हणजे चित्रफितीतल्या एका चित्राला, प्रकाश किती वेळ द्यायचा, हा प्रश्न हिशेबाने सुटतो. पिशवीचा वेग सेकंदाला एक मायक्रोमीटर, पिक्सेल ०.११ मायक्रोमीटरचा. १०० मिलिसेकंदांत ती साधारण एका पिक्सेलभर सरकते, ठिपका ठिपकाच राहतो. ५०० मिलिसेकंद ठेवलेत तर पाच पिक्सेलांची शेपूट. पिशव्यांसाठी दर अर्ध्या सेकंदाला एक चौकट, दोन मिनिटं. मायटोकॉन्ड्रिया सावकाश आणि थांबत चालतात, त्यांना दर दोन सेकंदांनी एक, पाच मिनिटं पुरे. त्यांतले एका वेळी वीस-तीस टक्केच हलतात, बाकीचे ठाण मांडून असतात. सगळं बंद पडलं म्हणून घाबरू नका. सिन्टाफिलिन नावाचं प्रथिन त्यांना मायक्रोट्यूब्युलला जखडून ठेवतं, आणि कॅल्शियम वाढलं की मिरो हा दुवा कायनेसिनची पकड सोडवतो. म्हणजे जिथे गरज आहे तिथेच ते थांबतात.

लेसर जेवढा कमी चालेल तेवढा. जास्त उजेडाने प्राणवायूचे घातक रेणू तयार होतात, लांबट मायटोकॉन्ड्रिया मण्यांसारखे गोल होतात आणि थांबतात. तुमचा उजेड जास्त आहे का, याची परीक्षा सोपी आहे. एकाच अ‍ॅक्झॉनचं लागोपाठ दोनदा चित्रण करा. दुसऱ्यात हलणारे कमी दिसले तर दोष लेसरचा. आम्ही तीन वेळा लेसर उतरवला, शेवटी चित्र इतकं अंधारं की पडद्यावर धड दिसेना. मोजणीला मात्र ते पुरलं.

आणि मग दिसतं ते. एक ठिपका उजवीकडून येतो, सरळ, एका वेगाने, दोन-तीन सेकंद. अडतो. जागच्या जागी थरथरतो. पाऊण मायक्रोमीटर मागे जातो, जणू काही विसरलं होतं, आणि पुन्हा पेशीकडे चालू लागतो. त्या एकाच पिशवीवर कायनेसिन आणि डायनीन दोन्ही बसलेले असतात. डायनीन एकटं लांब चालू शकत नाही, त्याला डायनॅक्टिन आणि मालाशी जोडणारा एक सक्रियक लागतो, ही गोष्ट २०१४ मध्ये नीट उलगडली. पुस्तकात बाणांनी दाखवलेली एकेरी वाहतूक इथे कुठेच दिसत नाही. पहिल्यांदा बघताना पाच मिनिटं मोजणी सुरू करायची आठवणच राहत नाही.

शेवटच्या कक्षात नोकोडाझोल १० मायक्रोमोलर घालायचं. मायक्रोट्यूब्युल विरघळू लागतात आणि हालचाल थांबत जाते. लगेच नाही, अ‍ॅक्झॉनमधले रूळ चिवट असतात. तासाभराने चित्रण करा. तरीही सगळ्या रेघा एकाच कोनात तिरक्या दिसल्या तर ती वाहतूक नव्हे, मंच सरकतो आहे.

रेघा काढणं आणि मोजणं

फिजी या चित्रविश्लेषणाच्या प्रणालीत चित्रफीत उघडून अ‍ॅक्झॉनवर तुटक रेघ ओढायची, पाच पिक्सेल रुंद, नेहमी पेशीकडून टोकाकडे. एकदाही उलटी ओढू नका, नंतर ओळखता येत नाही. तिच्यातली रीस्लाइस ही आज्ञा दिली की आडवं अंतर, उभा वेळ अशी पट्टी मिळते. एका खोबणीत चार-पाच अ‍ॅक्झॉन गुंफलेले असतात आणि रेघा एकमेकींना कापतात. अशा पट्ट्या सोडून द्या. खोबणीच्या पलीकडच्या तोंडाशी अ‍ॅक्झॉन फाकतात, तिथली चित्रं स्वच्छ येतात.

वेग म्हणजे रेघेचा उतार. एक रेघ १२ चौकटींत ६० पिक्सेल गेली: ६० गुणिले ०.११ म्हणजे ६.६ मायक्रोमीटर, १२ गुणिले ०.५ म्हणजे ६ सेकंद, वेग १.१. दिवसाच्या हिशेबात सुमारे ९५ मिलिमीटर. जलद वाहतुकीचा नेहमी सांगितला जाणारा पल्ला दिवसाला ५० ते ४०० मिलिमीटर, त्यात हे बसतं. दोन चौकटींमधला वेळ मात्र यंत्राच्या नोंदीतून घ्या. मागितलेला ०.५ आणि प्रत्यक्ष ०.६२ असं सर्रास होतं, आणि सगळे वेग एक-पंचमांशाहून जास्त फुगतात.

पेशीच्या सांगाड्याची प्रथिनं दिवसाला ०.२ ते ८ मिलिमीटरच सरकतात. ती या पद्धतीने दिसणार नाहीत, त्यासाठी वेगळा प्रयोग.

थांबा कशाला म्हणायचं ते मोजणीआधी ठरवून लिहून ठेवा. आम्ही सेकंदाला ०.१ मायक्रोमीटरच्या खाली, सलग तीन चौकटी, असं धरलं. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या, म्हणजे कुठली औषधाची आणि कुठली नियंत्रणाची ते मोजणाऱ्याला कळणार नाही. हाताने रेघ ओढताना डोळा हवं ते बघतो. आणि नमुन्याची संख्या (एन) म्हणजे खेपांची संख्या. एका खेपेतल्या चारशे पिशव्या मोजल्या तरी एन एकच.

एवढी काटेकोरी लागते, कारण शोधायचे फरक बारीक असतात. केआयएफ५ए या कायनेसिनच्या जनुकातल्या उत्परिवर्तनाने पायांचे स्नायू ताठरणारा आनुवंशिक आजार होतो, आणि डायनॅक्टिनच्या एका घटकातल्या बदलाने पेरी सिंड्रोम हा आजार. असा बदल पेशीत घातला तर वाहतूक ठप्प होत नाही. वेग थोडा उतरतो, थांबे थोडे लांबतात. ३२ अंशांवरच्या कक्षात हेच सगळं निरोगी पेशीही करून दाखवते.

जागेचं आधीच बघा. १०२४ बाय १०२४ ची, १६ बिटांची, सहाशे चौकटींची एक फीत सव्वा जीबी होते. दिवसाला तीस फिती.

वर्षअखेरीस समितीला वापराचा अहवाल द्यावा लागतो: किती माद्या, किती भ्रूण, किती कक्ष, त्यांतले किती मोजणीत आले. वाया गेलेल्या खेपांचे रकानेही भरायचे असतात, कारणासकट. 'काच ओली' असं दोन शब्दांत लिहिलं, तर समितीने काच किती तास वाळवता ते विचारलं. आता तो आकडा अर्जाच्या कार्यपद्धतीतच लिहिलेला आहे: किमान बारा तास.